पेशंटसोबत कोण आहे?

सांगली जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलेल्या एक सिस्टर निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला आल्या. मुलगा डेटा सेंटरच्या कंपनीत, सून बँकेत, नातू तिसरीत. आल्यानंतर चार-पाच दिवसांनी फ्रिजवर चुंबकाने अडकवलेला एक कागद त्यांनी वाचला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दवाखान्यात दोन तास थांबायचं, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, आणि औषधाचं नाव एस्केटामिन. त्या रात्री त्यांचा डोळा लागला नाही. शनिवारी मुलगा त्यांना घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "डॉक्टर, आईला तुम्हीच सांगा. मला हे मराठीत सांगताच येत नाहीये."

सिस्टरांनी मला तोंड उघडू दिलं नाही. "मॅडम, केटामिन मला शिकवू नका. पोराचं हाड बसवायचं असलं, भाजलेल्या बाईचं ड्रेसिंग बदलायचं असलं की आम्ही तेच भरून ठेवायचो. याचं कसलं ऑपरेशन आहे, तेवढं खरं सांगा."

ऑपरेशन नव्हतं. तीन वर्षांचं नैराश्य होतं. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे देऊन झाली होती आणि गुण आला नव्हता. अशा रुग्णांसाठी केटामिनचंच एक भावंड, नाकात फवारायचं एस्केटामिन, अमेरिकेची औषधनियामक संस्था एफडीए हिने 5 मार्च 2019 रोजी मंजूर केलं. हे मी सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग जे बोलल्या, ते ऐकून मी पेन खाली ठेवलं.

"भूल उतरताना पेशंट बरळायचे. कुणी म्हणे मी छताला जाऊन लागलो होतो. एक शेतकरी मेलेल्या आईशी बोलत हुंदके देत होता. आम्ही दिवे मंद करायचो. आयांना ताकीद असायची, आता ट्रेचा आवाज करायचा नाही. आणि बाहेर जाऊन हाक मारायचो, पेशंटसोबत कोण आहे? ओळखीचा हात हातात मिळाला की माणूस शांत व्हायचा. आणि कुणीच नसलं, तर मीच बसायची."

मनोविकारांवर सायकेडेलिक औषधांनी उपचार करण्याबद्दल गेल्या वीस वर्षांत इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं शहाणपण या सिस्टरांनी कुठलंही पुस्तक न वाचता, सांगलीकडच्या एका थिएटरमध्ये, रोजच्या कामातून मिळवलं होतं. (ही हकीकत मायलेकांनी वाचून संमती दिली म्हणून इथे आली आहे. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.) उत्तर व्हर्जिनियातल्या काही मराठी डॉक्टरांनी, फार्मासिस्टांनी आणि समुपदेशकांनी मिळून ही पुस्तिका तयार केली आणि प्रस्तावना मला लिहायला सांगितली, तेव्हा सुरुवात कुठून करायची हा प्रश्न मला पडला नाही.

आधी शब्दाचं बघू. 'सायकेडेलिक' हा शब्द ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी 1950 च्या दशकात ग्रीकमधून घडवला. मन उघड करणारं, असा त्याचा अर्थ. मराठीत आपल्याकडे नशा आहे, झिंग आहे, धुंदी, तंद्री, गुंगी आणि भूल आहे. पण यातल्या प्रत्येक शब्दाला आधीच एक निकाल चिकटलेला आहे. 'भ्रमकारक' म्हणावं, तर जे दिसतं ते सगळं खोटं, असं गृहीत धरल्यासारखं होतं. माझ्या मते 'अंमल' हा शब्द जवळचा आहे, कारण अंमल चढतो, टिकतो आणि उतरतो, आणि त्या अवधीत माणूस पूर्णपणे स्वतःच्या ताब्यात नसतो. औषधांच्या वर्गासाठी मात्र आम्ही 'सायकेडेलिक' हाच शब्द ठेवला आहे. या वर्गात मुख्यतः सायलोसायबिन आणि एलएसडी येतात. ती मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका विशिष्ट ग्राहकावर काम करतात. केटामिन आणि एमडीएमए यांची वाट वेगळी आहे. तरी उपचाराची पद्धत सारखी असल्यामुळे चारही नावं एकत्र घेतली जातात, आणि या पुस्तिकेतही तशीच घेतली आहेत.

मराठी वाचकाच्या मनात या विषयाबद्दल धास्ती असते, आणि ती उगाच नाही. 1980 च्या दशकात 'गर्द'ने पुण्या-मुंबईतली किती घरं पोखरली हे अनिल अवचटांनी लिहून ठेवलं. डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने 1986 मध्ये पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. ज्या पिढीने ते वाचलं, ते पाहिलं, ती पिढी 'मादक द्रव्याने उपचार' हे शब्द ऐकून दचकणारच. मी त्याच पिढीची आहे. गर्द म्हणजे हेरॉईनचंच एक रूप. त्याची शरीराला सवय लागते आणि ते सोडताना माणूस तडफडतो. सायलोसायबिनची तशी सवय लागत नाही. दुसऱ्याच दिवशी पुन्हा घेतलं तर परिणाम घटतो. केटामिनचं तसं नाही, त्याची चटक लागू शकते, आणि वारंवार घेणाऱ्यांचं मूत्राशय निकामी झाल्याचीही उदाहरणं आहेत. सगळ्यांना एकाच मापाने मोजलं की चूक होते, ती भीतीच्या बाजूने होवो की कौतुकाच्या.

आता इतिहास. एलएसडी 1938 मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट हॉफमन यांनी तयार केलं. त्याचा मनावर होणारा परिणाम त्यांना 1943 च्या एप्रिलमध्ये स्वतःवरच कळला. मेक्सिकोतल्या डोंगरी गावांत ज्या अळंब्या पूजेसाठी खाल्ल्या जात, त्यांतला सायलोसायबिन हा घटकही त्यांनीच 1958 मध्ये वेगळा केला. त्या अळंब्या बाहेरच्या जगाला कळल्या त्या मारिया साबिना नावाच्या माझातेक जमातीतल्या वैदू बाईमुळे. 1955 मध्ये गॉर्डन वॉसन या अमेरिकन बँकरला त्यांनी आपल्या रात्रीच्या विधीला बसू दिलं. दोन वर्षांनी 'लाइफ' साप्ताहिकात त्याचा लेख आला आणि उवाउत्ला या त्यांच्या गावी परदेशी तरुणांची रीघ लागली. पोलीस आले. गावकरी संतापले. बाईंचं घर जाळलं गेलं. आजाऱ्याला बरं करण्यासाठी जे होतं, ते मौजेखातर आलेल्या पाहुण्यांनी विटाळलं, अशी खंत त्या अखेरपर्यंत बोलून दाखवत. हा प्रसंग मी मुद्दाम सांगते आहे. आज या औषधांच्या पेटंटसाठी कंपन्या एकमेकींशी भांडतात, पण मारिया साबिना गरिबीतच गेल्या.

याच वॉसननी 1968 मध्ये ऋग्वेदातला सोम म्हणजे लाल छत्रीची एक अळंबी, असं प्रतिपादन करणारं पुस्तक लिहिलं. कार्यक्रमात हा विषय निघाला की आपल्यापैकी कुणीतरी हमखास उठून म्हणतं, 'म्हणजे हे सगळं आपल्याकडे होतंच!' मला हे पटत नाही. सोम कुठली वनस्पती, यावर विद्वानांचं आजही एकमत नाही. पुष्कळांचा कल एफेड्राकडे आहे. मूळ वनस्पती मिळेनाशी झाल्यावर पर्यायी वनस्पती घ्यावी, असं ब्राह्मणग्रंथांतच सांगितलेलं आहे. नैराश्याने खंगलेल्या माणसाला या वादाचा काडीचाही उपयोग नाही.

उपचार म्हणून या औषधांचा जो गंभीर अभ्यास झाला, त्याचा मोठा भाग आपण राहतो त्या अ‍ॅशबर्नच्या आसपास झाला आहे. हे इथल्या फार थोड्या मराठी घरांना माहीत आहे. बाल्टिमोरजवळ केटन्सव्हिल इथे स्प्रिंग ग्रोव्ह नावाचं सरकारी मनोरुग्णालय आहे. 1960 च्या दशकात तिथे दारूचं व्यसन असलेल्यांना आणि पुढे कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना एलएसडीच्या साहाय्याने मानसोपचार दिले जात. 1970 च्या केंद्रीय कायद्याने एलएसडी आणि सायलोसायबिन सर्वांत कडक यादीत गेली, आणि त्या दशकाच्या मध्याला ते कामही थांबलं. पण तिथे काम केलेले बिल रिचर्ड्स हे मानसशास्त्रज्ञ पंचवीसेक वर्षांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रोलंड ग्रिफिथ्स यांच्याबरोबर उभे राहिले. 2006 मध्ये त्या गटाचा पहिला मोठा निबंध आला. 2016 मध्ये त्यांनी कर्करोगाच्या 51 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मृत्यूच्या भीतीने आणि उदासीने ग्रासलेल्या या माणसांपैकी सुमारे 80 टक्क्यांचा त्रास सहा महिन्यांनंतरही लक्षणीय प्रमाणात कमी राहिला होता. ग्रिफिथ्स स्वतः 2023 मध्ये कर्करोगाने गेले. केटामिनचा नैराश्यावरचा उपयोग पक्का करणारं कार्लोस झराटे यांचं 2006 चं काम बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतलं. एका इंजेक्शनने काही तासांतच उदासी हलते, असं त्यात दिसलं. तोवर नैराश्याच्या औषधांना गुण यायला काही आठवडे लागतात, हेच आम्ही रुग्णांना सांगत आलो होतो. रॉकव्हिलमध्ये कर्करोगतज्ज्ञ मनीष अग्रवाल यांच्या गटाने कर्करोग आणि नैराश्य एकत्र असलेल्या 30 रुग्णांना सायलोसायबिन दिलं, तेही गटागटाने. औषध त्याच दिवशी शेजारशेजारच्या खोल्यांत, आणि आधीची व नंतरची बोलणी एकत्र बसून.

आणि खुद्द अ‍ॅशबर्नमध्ये? रूट 7 वरून जाताना पोटोमॅकच्या बाजूला जानेलिया आहे. हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेचं हे संशोधन केंद्र 2006 मध्ये सुरू झालं. आपली मुलं त्याच्या शेजारून सॉकरला जातात. तिथे मिशा आरेन्स यांच्या प्रयोगशाळेत झेब्रा माशाच्या पिल्लांवर काम चालतं. पिल्लू मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढं लांब आणि काचेसारखं पारदर्शक असतं, त्यामुळे जिवंतपणीच त्याच्या मेंदूतल्या पेशींचं चमकणं सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. त्याला जेलीसारख्या पदार्थात अलगद धरून ठेवतात आणि समोर हलतं चित्र दाखवतात. ते पोहण्याचा प्रयत्न करतं, शेपटीच्या मज्जातंतूंचे संकेत यंत्र वाचतं आणि चित्र मागे सरकवतं. पिल्लाला वाटतं आपण पुढे चाललो. मग शास्त्रज्ञ चित्र सरकवणं बंद करतात. आता कितीही जोर लावला तरी जागचं हलणं नाही. पिल्लू आधी जास्त जोराने झटतं, आणखी जोराने झटतं. आणि मग थांबतं. निपचित पडतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझे रुग्ण आठवले. 'प्रयत्न करून काही होत नाही' हे वाक्य आठवड्यातून किती वेळा ऐकते, त्याची गणती नाही. 2019 मध्ये या गटाने दाखवलं की फुकट गेलेल्या प्रयत्नांचा हिशेब मेंदूतल्या चेतापेशींच्या जोडीने ग्लिया नावाच्या पेशीही ठेवतात. या पेशी नुसत्या आधाराच्या आहेत, असंच आम्ही कॉलेजात शिकलो होतो. हिशेब भरला की त्या 'थांब' असा इशारा देतात. पुढे याच गटाने हार्वर्ड आणि इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांबरोबर पिल्लांना थोडा वेळ केटामिनमध्ये ठेवलं आणि मग ते धुऊन काढलं. औषध निघून गेल्यावरही पिल्लं हार मानायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लावू लागली. केटामिनच्या अमलात त्या ग्लिया पेशी अतोनात चेतवल्या जातात आणि नंतर फुकट प्रयत्नांच्या खबरीला त्या कमी दाद देतात, असं त्यांना आढळलं. 'न्यूरॉन' या नियतकालिकात हे काम आलं.

माशाला नैराश्य येत नाही. एवढ्यावरून माणसाबद्दल मोठं विधान करणं अन्यायाचं होईल. पण हार मानणं ही शरीरात घडणारी, पेशींतून मोजता येणारी गोष्ट असू शकते, एवढं मी त्या सिस्टरांच्या मुलाला सांगू शकले. 'आळस', 'नाजूकपणा', 'इतकं सगळं असून कशाची कमतरता आहे' हे शब्द त्याने घरात ऐकलेले होते. लाउडन काउंटी देशातल्या सर्वांत श्रीमंत काउंट्यांमध्ये मोडते. इथे घर घेतलेल्या माणसाने उदास असणं हा कृतघ्नपणा आहे, असं त्यालाही मनातून वाटत होतं. माशाची गोष्ट ऐकून तो पहिल्यांदा रडला.

उपचार प्रत्यक्षात कसे होतात, हे पुस्तिकेच्या तिसऱ्या भागात सविस्तर आलं आहे, म्हणून इथे थोडक्यात. सायलोसायबिनच्या चाचण्यांत औषधाच्या दिवसाआधी काही भेटी होतात. माणूस कोण, त्याला कशाची भीती आहे, रडू आलं तर त्याला हात धरलेला चालेल का, हे सगळं तेव्हाच ठरतं. औषधाच्या दिवशी खोली घरातल्या बैठकीसारखी असते. कोच, पांघरूण, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत. दोन प्रशिक्षित माणसं सहा ते आठ तास बसून असतात. ती फार बोलत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भेटी सुरू होतात. त्या सहा तासांत जे दिसलं, जे वर आलं, त्याचं सोमवारी सकाळी कामावर जाताना काय करायचं, हे त्या भेटींत उलगडतं. सायलोसायबिनच्या एका मात्रेनंतर उंदरांच्या मेंदूत चेतापेशींच्या नव्या जोडण्या वाढल्याचं आणि त्यांतल्या काही महिनाभर टिकल्याचं 2021 मध्ये येल विद्यापीठात दिसलं आहे. माणसातही असं होत असेल, तर औषधानंतरचे आठवडे म्हणजे पेरणीनंतरचा पाऊस. तेव्हाच दुर्लक्ष झालं तर बियाणं फुकट.

फायदा किती? 2022 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 233 रुग्णांची चाचणी आली. सगळ्यांनाच आधीच्या औषधांनी गुण आला नव्हता. 25 मिलिग्रॅमच्या एका मात्रेनंतर तीन आठवड्यांनी नैराश्याच्या मोजपट्टीवरचा आकडा सरासरी 12 ने उतरला. नाममात्र 1 मिलिग्रॅम घेतलेल्यांचा तो 5.4 ने उतरला. फरक खरा आहे. पण बाराव्या आठवड्यापर्यंत गुण टिकून राहिलेले रुग्ण मोठ्या मात्रेच्या गटातही पाचातला एकच होता. आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करणं हे प्रत्येक गटात काहींच्या बाबतीत घडलं. वर्तमानपत्राच्या मथळ्यात पहिला आकडा येतो, दुसरा येत नाही. म्हणून दोन्ही इथे दिले.

2024 साली जे झालं ते तर प्रत्येकाने वाचायला हवं. युद्धाच्या, बलात्काराच्या, अपघाताच्या आघातातून न सावरलेल्यांसाठी एमडीएमए आणि मानसोपचार यांची जोड एफडीएपुढे मंजुरीला आली. दोन मोठ्या चाचण्यांचे आकडे चांगले होते. दुसरीत 104 जणांपैकी औषध मिळालेल्या गटातल्या 71 टक्क्यांना आजाराचे निकष लागू राहिले नाहीत, तर नुसता मानसोपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण 48 टक्के होतं. तरीही जूनमध्ये सल्लागार समितीने 10 विरुद्ध 1 मतांनी सांगितलं की फायदा धोक्यापेक्षा जास्त असल्याचं सिद्ध झालेलं नाही. ऑगस्टमध्ये एफडीएने मंजुरी नाकारली आणि आणखी एक चाचणी मागितली. आपल्याला खरं औषध मिळालं की नाही, हे बहुतेक रुग्ण ओळखत होते. मग अपेक्षेचा परिणाम वेगळा कसा काढायचा? त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट अशी, की कॅनडातल्या आधीच्या एका चाचणीत सोबतीला बसलेल्या उपचारकांनीच रुग्ण बाईशी गैरवर्तन केलं होतं. त्या ठिकाणची माहिती वापरलेले तीन निबंध एका नियतकालिकाने मागे घेतले.

ज्या सोबतीवर हा सगळा उपचार उभा आहे, तीच फितूर झाली तर औषध कितीही चांगलं असून काय उपयोग? अमलाखालचा माणूस तान्ह्या मुलासारखा उघडा असतो. त्याच्याजवळ कोण बसणार, त्याला कुणी शिकवलं, त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार, तक्रार कुठे करायची, या प्रश्नांची नेमकी उत्तरं ज्या दवाखान्यात मिळत नाहीत तिथून उठून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गेली काही वर्षं केटामिनची दुकानं जागोजाग निघाली. काही ठिकाणी गोळ्या घरपोच येतात आणि व्हिडिओवर दोन मिनिटं बोलणं होतं. अशा घरगुती वापराच्या धोक्यांबद्दल एफडीएने 2023 च्या ऑक्टोबरमध्ये इशारा दिला. त्याच महिन्यात अभिनेता मॅथ्यू पेरी केटामिनच्या अमलात गेला. नाकातल्या एस्केटामिनला दोन तासांच्या देखरेखीची सक्ती आहे. सिस्टरांच्या मुलाला ती कटकट वाटत होती. मला ती या उपचारातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

कायद्याचं इथल्या मराठी माणसाने नीट समजून घ्यावं. ओरेगॉनमध्ये 2020 च्या मतदानाने आणि कोलोरॅडोत 2022 च्या मतदानाने परवानाधारक केंद्रांत सायलोसायबिन घेता येतं. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2023 पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना परवानगी दिली. वॉशिंग्टन डीसीमध्ये अशा अळंब्यांवर कारवाईला पोलिसांनी सर्वांत शेवटचं प्राधान्य द्यावं, एवढंच 2020 मध्ये ठरलं. ते कायदेशीर झालं असं समजून मेट्रोने जाऊन त्या अळंब्यांचं चॉकलेट घेऊन येणारी आपली मुलं मी पाहिली आहेत. व्हर्जिनियात ते गुन्हाच आहे, आणि केंद्रीय कायद्यात देशभर गुन्हा आहे. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या माणसाने राज्याच्या परवानगीने घेतलं, तरी ते कबूल केल्यावर स्थलांतराच्या कामात अडचण येऊ शकते. सरकारी कंत्राटांवर काम करणारे इथे घरटी एक सापडतील. सुरक्षा-चौकशीच्या अर्जात या द्रव्यांबद्दल थेट प्रश्न असतो. तेव्हा आधी वकिलाशी बोला. डॉक्टरने लिहून दिलेलं एस्केटामिन आणि रीतसर मंजूर चाचणीतला सहभाग, या दोनच वाटा मी माझ्या रुग्णांना सुचवते. भारतात सायलोसायबिन, एलएसडी आणि एमडीएमए ही तिन्ही 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. सुट्टीला गेल्यावर गोव्यात 'मिळतं' म्हणून करून पाहणं हा उपचार नाही आणि त्याची शिक्षा कडक आहे.

माझा निकाल विचाराल तर असा. हा रस्ता खरा आहे, पण अजून कच्चा आहे. ज्यांना सगळं करून गुण आला नाही, त्यांनी माहितीच्या तज्ज्ञाला याबद्दल जरूर विचारावं. पहिल्याच औषधाला कंटाळलेल्या माणसाने याच्या मागे धावू नये.

सिस्टर सहा महिने राहिल्या. सुरुवातीचे आठवडे दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या मुलाबरोबर दवाखान्यात येत आणि शेजारच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसत. तिसऱ्या आठवड्यात मुलगा अमलात असताना "आई, बाबांना मी भेटायला नाही आलो ना गं" म्हणाला. वडील करोनात गेले तेव्हा विमानं बंद होती. त्यांनी सुया बाजूला ठेवल्या आणि त्याच्या पायावर हात ठेवला. बोलल्या काही नाहीत. गाडीतही काही बोलल्या नाहीत. ते बोलणं चार दिवसांनी, भाजी निवडताना, आपणहून झालं. आता तो बरा आहे. अधूनमधून मात्रा घ्यावी लागते.

एक काम मात्र तुमच्यावर सोपवते. अशा कुठल्याही उपचाराआधी एक अर्ज भरावा लागतो, आणि त्यात घराण्यातल्या आजारांची चौकशी असते. आईवडील, भावंडं, मामा, आत्या यांपैकी कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार होता का? असेल, तर सायकेडेलिक औषधाने तोच आजार उफाळण्याचा धोका असतो, म्हणून अशांना चाचण्यांत घेत नाहीत. कुणी लिथियम घेत असेल तर सायलोसायबिनबरोबर झटके येण्याची भीती असते. आणि नेमक्या याच रकान्यात आपली माणसं बिनदिक्कत 'नाही' लिहितात. काही जण लपवण्यासाठी लिहितात, पण बहुतेकांना खरंच ठाऊक नसतं. कारण मधल्या काकू 'जरा तापट' होत्या, आत्याच्या 'अंगात यायचं', मामा 'घर सोडून गेला' एवढंच आपल्याला सांगितलेलं असतं. मिरजेच्या किंवा येरवड्याच्या दवाखान्यात कोण किती दिवस होतं, हे सोयरिकीच्या भीतीने कुणी उच्चारलं नाही, आणि ज्यांना माहीत आहे ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

रविवारी भारतात फोन लावाल तेव्हा आईला, मावशीला, थोरल्या काकांना हे विचारा. हळू विचारा, दोष देऊ नका, त्यांना वेळ घेऊ द्या. जे सांगतील ते तारखांसकट लिहून काढा आणि तो कागद पासपोर्टच्या फायलीत ठेवा. पुस्तिकेच्या शेवटी त्यासाठी दोन कोरी पानं सोडली आहेत.

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया